बिनटाक्याचा जावई

न कापता माणूस बरा करणं ही वैद्यकशास्त्राची सर्वांत थोर कामगिरी आहे, असं माझं ठाम मत आहे. सुदुंबऱ्यात या मताला एकाही माणसाचा पाठिंबा नाही.

सुदुंबरं ही माझी सासुरवाडी. मी लोणावळ्यात शाळामास्तर. लग्नानंतर वर्षभरातच माझ्या अन्ननलिकेने असहकार पुकारला. घास छातीच्या मध्यावर येऊन थांबे आणि खाली जायला साफ नकार देई. वरून पाणी प्यावं तर तेही त्याच्या डोक्यावर जाऊन बसे. मग मी उभा राही, कोंबड्यासारखी मान ताणी, खोलीत फेऱ्या मारी. कधी घास उतरे, कधी आला तसा परत येई. घरात हे खपून गेलं. पण अधिक महिन्यात सासऱ्यांनी (सारा गाव त्यांना आबा म्हणे, मीही) जावयाला जेवायला बोलावलं आणि भरल्या पंगतीत, भाऊबंदांच्या देखत, दुसऱ्या पुरणपोळीला मी ताटावरून उठलो.

जावई ताटावरून उठणं म्हणजे काय, हे मावळात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी धावत गोठ्यामागे गेलो आणि ती पुरणपोळी नाइलाजाने बैलापुढे ठेवली. बैलाने तोंड फिरवलं. सासूबाईंनी हे सगळं पाहिलं.

"अन्न टाकलं," त्या एवढंच म्हणाल्या.

"टाकणारच की," आबा म्हणाले. "मास्तर हायेत त्ये. आमचं जेवान त्यांच्या नरड्याखाली उतरत न्हाई."

हे अक्षरशः खरं होतं, हीच तर पंचाईत.

त्या दिवाळीला माझ्या बायकोला, कमलला, माहेरचं बोलावणं आलं नाही. पुढच्या दिवाळीलाही आलं नाही. कमल बोलून दाखवायची नाही. फक्त चकल्या पाडताना सोऱ्या असा दाबायची की माझाच गळा आवळतेय असं वाटे.

शेवटी तिनेच मला पुण्याला एका सर्जनकडे नेलं. त्यांनी कागदावर चित्र काढलं. अन्ननलिका पोटाला मिळते तिथे एक दार असतं, घास आला की ते उघडतं. माझं उघडत नव्हतं. तोंडातून नळी घालून ते दिव्याने हे दार बघणार, मग दारात रबराचा फुगा बसवून तो फुगवणार. दार सैल होईल, काम संपलं.

"आणि कापणार कुठे?" कमलने विचारलं.

"कुठेच नाही."

"थोडंसंसुद्धा नाही?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आमचा संसार कसा चालला असेल याचा ते अंदाज घेत असावेत. मलाही तिचा राग आला. तिला पुढचं दिसत होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

जत्रेत तलवार गिळणाऱ्याला निदान टाळ्या तरी मिळतात. मला मान मागे टाकून तोंड उघडं ठेवायला सांगितलं. गुंगीतसुद्धा छातीत कुणीतरी आतून पाचर ठोकतंय असं वाटलं, आणि झालं. दुसऱ्या दिवशी मऊ भाताचा घास घेतला. तो थांबला नाही. कुणालाही न विचारता खाली निघून गेला.

"उतरला?" कमलने विचारलं.

"उतरला."

ती खिडकीकडे वळली आणि बाहेर बघत राहिली. बाहेर फक्त भिंत होती.

घरी आल्यावर तिने माहेरी निरोप धाडला, ह्यांचं ऑपरेशन झालं. माझी मऊ भाताची मुदत संपायला आणि तळेगावहून गाडी धरून आबा, सासूबाई आणि त्या पंगतीतले भाऊबंद लोणावळ्यात उतरायला एकच गाठ पडली. रुसवा असला तरी आजाऱ्याची भेट कुणी चुकवत नाही. सासूबाईंच्या हातात फडक्यात बांधलेल्या पुरणपोळ्या होत्या.

अशा भेटीचा एक रिवाज असतो. आधी आजाऱ्याने टाके दाखवायचे, मग पाहुण्यांनी आपापले दाखवायचे, मग चहा. आबांनी तर बसता बसताच धोतराची गाठ सैल करून हर्नियाची खूण तयार ठेवली होती.

"हां, पाव्हणं, काढा सदरा. टाकं बगू."

"टाके नाहीत."

"काढलं व्हय? मग वण बगू."

"वणही नाही. तोंडातून केलं सगळं."

"मग तोंडातनं काय काढलं?"

"काढलं काहीच नाही. फुगा घातला आणि फुगवला."

"फुगा," आबा म्हणाले.

"सायकलच्या टूपवानी?" चुलत सासऱ्यांनी विचारलं.

"साधारण."

"आन् मग?"

"मग हवा सोडून काढून घेतला."

मी (मास्तरच शेवटी) पाटीवर अन्ननलिका काढून दाखवली. चुलत सासऱ्यांनी ती दुधी भोपळा म्हणून ओळखली.

आबा उठले. "चला रं. तवा अन्न टाकलं, आता ह्ये सोंग. फुगा म्हनं!"

कमल चहाचे कप घेऊन दारात उभी होती. चहा न घेता माहेर उठून चाललं होतं, आणि पुन्हा येणार नव्हतं. तिने कप खाली ठेवले, आईच्या हातातलं फडकं सोडलं आणि एक पुरणपोळी माझ्यापुढे ठेवली.

"खा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

मी घास तोंडात घातला. सगळे माझ्या गळ्याकडे बघू लागले.

"थांबा," म्हणत आबा गुडघ्यांवर बसले आणि विहिरीत धोंडा टाकून पाण्याचा अंदाज घ्यावा तसा त्यांनी माझ्या छातीला कान लावला. मी गिळलं.

"पडला," आबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "कमळे, आजून येक वाढ."

मग प्रत्येक भाऊबंदाने कान लावून खात्री करून घेतली, आणि प्रत्येकासाठी मला नवा घास घ्यावा लागला. पुढे दोन दिवस मी आडवा होतो, ते अन्ननलिकेमुळे नव्हे.

निघताना आबा म्हणाले, "दिवाळीला ये, कमळे. पाव्हण्यास्नी घिऊन." मग उंबऱ्यात थबकले. "पर गावात काय सांगू? जावयात फुगा फुगवला, आसं सांगू व्हय?"

"चौदा टाकं सांग," चुलत सासरे म्हणाले.

"एकही टाका नाही," मी संतापून म्हणालो.

"तुमी गप ऱ्हावा," आबा म्हणाले. "अब्रू आमची हाय."

त्या दिवाळीला पहाटे सुदुंबऱ्यात अंगणात पाट मांडला गेला, तेल-उटणं आलं, आणि माझे चौदा टाके बघायला अर्धा गाव कुडापाशी येऊन उभा राहिला. आबांनी खणखणीत आवाजात सांगितलं की जखमेला वारा लागू द्यायचा न्हाई, डागदराचा हुकूम हाय.

तेव्हापासून दर दिवाळीला सुदुंबऱ्यात मी अंगात सदरा ठेवूनच अभ्यंगस्नान करतो.