घाटाखालची टपरी

घाट सुरू होतो तिथे एका मावशीची चहाची टपरी आहे. माझी सायकल दिसली की ती ओरडते, "एकटीच का वो माय? कुठलोक चालली?" मी नुसती हसते.

मागच्या रविवारी मी घाट चढून पलीकडे उतरले आणि टपरीकडे न परतता नेर गावावरून घरी गेले. आज टपरीवर एक ट्रकवाला मला बघून हसला. "हीच का? त्या दिवशी मावशीनं एक बी गाडी सोडली नाही. ‘पोरगी दिसली का?’ सगळ्याइले तेच."

"चूप बस बाप्पा," ती म्हणाली आणि माझ्यापुढे चहा आदळला. "सांगून जात जाय."

कुणाला सांगावं लागू नये म्हणूनच तर मी सायकल काढते. तरी निघताना म्हणाले, "तळ्यापर्यंत."

पूर्ण चढावर तिची नजर पाठीला जाणवत राहिली.