आडनाव काय म्हणालीस?

चावी माझ्या हातात आली होती. प्रतापनगरातली वरच्या मजल्यावरची खोली. खिडकी, पंखा, वेगळा जिना. घरमालकीण मावशींनी नळ सोडून दाखवला, पाणी कधी येतं ते सांगितलं, दर वाक्याला बेटा म्हणाल्या. पलंग कुठे ठेवायचा हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं. जिना उतरताना त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?"

म्हणाले नव्हते. आता म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. मी चावी दिली. "अगं, विसरलेच बघ मी. ही खोली भाच्यासाठी ठेवायची आहे. तो राहायला येऊन राहिला ना."

मावशींना एकच भाचा. तो माझ्या शेजारी उभा होता. अथर्व, माझ्याच वर्गातला. त्यानेच मला खोली दाखवायला आणलं होतं. त्याचं दोन मजली घर मागच्याच गल्लीत. मी त्याच्याकडे पाहिलं. तो चपलांकडे बघत म्हणाला, "हो, म्हणजे... चाललंय तसं."

माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर धम्म घेतला. घरातले देव काढले, नवस काढले, उपास काढले. आडनाव तेवढं राहिलं. आणि नागपुरात आडनाव पुरतं. त्यापुढे कुणी काही विचारत नाही.

आम्ही कामठीला राहतो. मी लॉच्या शेवटच्या वर्षाला. लेक्चर सकाळी साडेसातला. आधी शेअर ऑटो, मग मेट्रो, मग पायी. पहिला तास मी कधी पूर्ण ऐकलाच नाही. म्हणून खोली हवी होती. त्या दिवशी घरी गेले तर आईने दारातच विचारलं, "काहून वं, तोंड काहून उतरलं? भेटली का रूम?"

"पाहून राहिली अजून," मी म्हणाले. आईशी खोटं बोलले. कुणासाठी, ते मलाही कळलं नाही.

खरी घाण पुढे आहे.

आमचा कॉलेजात एक गट होता. दर शनिवारी दुपारी रिकाम्या वर्गात पंधरा-वीस जण जमायचो. गटाचं म्हणणं एकच: सरकारने माणसाच्या वाटेतून बाजूला व्हावं. काय खावं, कुणाशी लग्न करावं, काय लिहावं, हे सरकार कोण सांगणार? अथर्व हे बोलायला लागला की माझ्या अंगावर काटा यायचा. मला वाटायचं, हा माझ्याच मनातलं बोलतोय. माणूस मोकळा हवा, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन वर्षं मी एक शनिवार चुकवला नाही. त्यांच्यासारखं बोलायला शिकले. 'मले-तुले' घरी ठेवून यायचे. आरक्षणाचा, शिष्यवृत्तीचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे न बघता बोलायचे. "फुकट मिळालं की किंमत राहत नाही," असं खिडकीकडे बघून म्हणायचे. मी त्याला सभ्यपणा समजायचे. मूर्ख होते.

खोलीच्या प्रकरणानंतरचा शनिवार. मी गेले. का गेले? सवय. आणि खरं सांगायचं तर अथर्व माफी मागेल असं वाटलं होतं.

त्याने फळ्यावर लिहिलं: घरमालकाला भाडेकरू निवडण्याचं स्वातंत्र्य हवं की नको? आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचा विषय होता. मग तो आमच्याकडे वळला. "समजा, एक बाई आहे. घर तिचं, तिच्या कष्टाचं. एक मुलगी खोली मागायला येते. बाईला नाही द्यायची. कारण काहीही असो. सरकार तिच्यावर जबरदस्ती करू शकतं का?"

समजा, म्हणाला. माझ्या समोर उभं राहून.

कष्टाचं घर! मावशींचे यजमान सरकारी खात्यातून निवृत्त झाले, प्लॉट त्यांना सरकारी सवलतीत मिळाला. खोली बघायला जाताना हे त्यानेच मला कौतुकाने सांगितलं होतं. ते फुकट नव्हतं. त्याला किंमत होती.

चर्चा रंगली. समोसे आले. रिया नावाची मुलगी म्हणाली, "संविधानातली समानता सरकारला लागू आहे, घरमालकाला नाही." दुसरा म्हणाला, "मार्केट बघून घेईल ना. रूम रिकामी राहिली तर लॉस तिचाच." कुणीतरी चटणी मागितली. माझं आयुष्य बाकावर ठेवून ते चटणीबरोबर खात होते.

शेवटी अथर्व म्हणाला, "मालकाच्या बाजूने कोण कोण? हात वर."

सगळे हात वर गेले.

माझाही.

कुणी जबरदस्ती केली नाही. दोन वर्षांची सवय होती, हात आपोआप वर गेला. मी वर बघितलं तर तो माझाच हात होता. मावशींची शिसारी आली नव्हती इतकी मला माझी आली. त्यांनी मला दाराबाहेर ठेवलं. इथे मी स्वतःच स्वतःला बाहेर काढत होते, तेही एकमताने.

हात खाली घेतला. तोवर अथर्व यादी करत होता. अशा स्पर्धेत कॉलेजातून दोघांची जोडी जाते, एक विषयाच्या बाजूने, एक विरोधात. "विरोधात रिया," तो म्हणाला, "आणि बाजूने तू."

"मी विरोधात बोलते," मी म्हणाले.

"नको ना यार. तू विरोधात बोललीस तर रडगाणं वाटेल. बाजूने बोललीस तर वजन येईल. स्टेजवर तुझं आडनाव अनाउन्स झालं की जजेस तिथेच गार."

वर्ग हसला. वाईट नव्हते हसत. कौतुकाने हसत होते. तेच जास्त किळसवाणं होतं. ज्या आडनावाने खोली गेली, तेच आता स्पर्धेची ढाल मिळवून देणार होतं. त्यांना.

मी उठले. "ती समजा-वाली मुलगी मी आहे," मी म्हणाले. "घर याच्या मावशीचं आहे. खोली भाच्यासाठी ठेवली म्हणाल्या. भाचा हा. विचारा त्याले, कधी राहाले जाऊन राहिला."

रियाने समोसा खाली ठेवला. अथर्वचे कान लाल झाले. "तू इमोशनल होऊन राहिली," तो म्हणाला. "आपण तत्त्वावर बोलतोय. पर्सनली नको घेऊ."

"तुझं तत्त्व माह्या आडनावावर उभं आहे," मी म्हणाले. "माहं तोंड भाड्यानं द्याचं नाही आहे मले."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्या वर्गात मी घरच्या भाषेत बोलले. मग बाहेर पडले. कुणी अडवलं नाही. कुणी मागेही आलं नाही.

स्पर्धा झाली. बाजूने दुसरं कुणी बोललं. निकाल मी विचारला नाही. आईला मात्र सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "पुन्हा पाहाले जाशील तं मले घेऊन जाजो."

आता आम्ही दोघी जातो. फाटक उघडायच्या आधी मी माझं पूर्ण नाव सांगते, आडनावासकट, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या आवाजात. मग खोलीबद्दल विचारते. ज्यांना नाही म्हणायचं ते माझ्याकडे बघून म्हणतील, आईसमोर म्हणतील. भाचा, पुतण्या, रंगकाम, काहीही सांगोत. मी विचारते, "आडनावामुळे का?" आणि उत्तर मिळेपर्यंत फाटकावरून हलत नाही.