भयाण हवेलीत सोबतीला

मंडळी, घरी आल्यावर चहासुद्धा ठेवला नाही, आधी हे लिहायला बसलेय.

लवळ्याच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. सध्या जुन्या गॉथिक, म्हणजे भुताखेतांच्या, कादंबऱ्या चालू आहेत. आज प्रत्येकाने एकेका पात्रावर बोलायचं होतं. बाकीच्यांनी पिशाच्चं आणि वेडे सरदार पटकावले. लातूरच्या केतकीने मात्र मित्र निवडला. निरोप मिळताच भयाण हवेलीत येतो आणि शेवटपर्यंत थांबतो, तो मित्र.

"पण तो करतो काय?" ओजसने मध्येच विचारलं. "भूत पळवत नाही, कुणाला वाचवत नाही. बोअर पात्र आहे."

केतकी हातातले कागद चाळू लागली. तेवढ्यात मागच्या बाकावरून तिची रूममेट संगीता उठली. संगीता धरणापलीकडच्या वाडीतली. मागच्या महिन्यात वडील गेले, तेव्हापासून ती वर्गात बोललीच नव्हती.

"आमच्यात मयताच्या घरी रातचं सोबतीला झोपाया जात्यात," ती केतकीकडे बोट करून म्हणाली. "ही आलती. हिला आमच्याकडलं कायबी ठावं न्हाई. काय केलं न्हाई हिनं, नुसती शेजारी होती. म्हणून मला आन् आईला झोप लागली."

ओजस हळूच म्हणाला, "कळलं. सॉरी."

केतकी वाडीवर राहून आली होती, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आजच्या भाषणातही तिने ते सांगितलं नव्हतं.

अशा मुली माझ्या वर्गात बसतात, हे मी आता भेटेल त्याला सांगणार आहे.

तुमच्या घरी असं नुसतं शेजारी असायला कोण आलं होतं? त्यांचं नाव खाली लिहा.