पंखाचं भांडण

तरी पण सांगतो काका, मागे पंख लावायलाच पाहिजे होता.

जपानी स्पोर्ट्स कार आणि मागून एकदम सपाट? शोभतं का ते?

तुम्ही म्हणायचात, "पंख कोंबड्याला पण असतात. उडतो का तो?"

आज वर्ष झालं तुम्हाला जाऊन. भांडण माझ्याकडून अजून चालूच हाय.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी लिहितो. बाळूकाका म्हणजे पेणजवळ गडब गावात हायवेला लागून डेंटिंग-पेंटिंगची शेड होती ना, ते. माझे सख्खे काका नव्हेत. मी आठवीत शाळा सोडली, मग रोह्याच्या कंपनीत तीन महिने टिकलो, टेम्पोवर सहा. एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या शेडमध्ये घुसलो आणि पाच वर्षं टिकलो. घरच्यांना अजून खरं वाटत नाय.

गाडी रोह्यात मिळाली. बोटीवरच्या एका इंजिनिअरने जपानवरून आणलेली. तो वारला आणि गाडी परसात ताडपत्रीखाली पडली ती पडलीच.

दोन दारं. बुटकी. बटण दाबलं की हेडलाइट बॉनेटमधून वर येणार.

आम्ही दोघांनी अर्धे-अर्धे घालून भंगाराच्या भावात उचलली. शेडमध्ये आणून पहिल्यांदा बॅटरी जोडली, तर एक लाइट वर आला, दुसरा अर्ध्यात अडकला. काकी दारातून बघत होती.

"अगो बाय, ही तं चिंबोरी हाय!"

खेकड्यासारखे वर आलेले डोळे, म्हणून तेच नाव पडलं.

काका सीझनला पेणला गणपतीच्या कारखान्यात स्प्रे मारायला जायचे. पत्र्यावर पुट्टी घासून झाली की डोळे मिटून तळहात फिरवायचे. "डोळे फसतात रे. हात नाय फसत." बाप्पाच्या पोटावर शिकलेला हात तो.

त्यांना गाडी कंपनीतून निघाली तशी पाहिजे होती. मला रुंद टायर, मोठा सायलेन्सर आणि पंख.

रुंद टायर मान्य झाले. सायलेन्सर अर्धा मान्य झाला. पंख नाय म्हणजे नाय.

"ज्यानं गाडी बनवली त्यानं दिला नाय. तू कोण देणारा?"

मग मी शारजाला आलो. इथं जुन्या गाड्या खोलून पार्ट विकायचं काम. तिसऱ्या महिन्यात यार्डात काय उभी असावी? चिंबोरी! तेच मॉडेल, तेच डोळे.

आपल्या गाडीचा स्टीअरिंग रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, पार गेलेला. हँडल फिरवलं की चाक विचार करून वळायचं. मी तिथल्या तिथं गाडीखाली शिरलो, रॅक काढला, दोन पगार मोजले आणि कार्गोने पाठवला.

"काका, पार्सल मिळालं?"

"मिळालं. झ्याक हाय."

"बसवला?"

"आधी त्या पंखाचं खूळ डोक्यातून काढ."

झालं. अर्धा तास पंख.

पुढच्या आठवडी सुट्टीला फोनवर परत विचारलं, रॅक बसला का? परत पंख. मी पण चिडायचो, भांडायचो, बॅलन्स संपेपर्यंत.

एकदा फक्त म्हणाले, "गाडी वळते ना? मग झालं."

मागच्या आठवड्यात मुंबईचा एक जण गाडी बघायला येऊन गेला. काकीने मला व्हिडिओ कॉल केला आणि मोबाईल फिरवून शेड दाखवली. कोपऱ्यात खुंटीला माझा रॅक. ऑइल लावून, गोणपाटात गुंडाळून, नीट टांगलेला.

"काकी, हा हितं कसा? मग गाडीत कुठला हाय?"

तिने मोबाईल परत स्वतःकडं वळवला.

"डाव्या हाताचा निघाला रे तो, मन्या. आपल्याकडं नाय बसत."

इथल्या गाड्यांचं स्टीअरिंग डावीकडं असतं. मी रोज त्याच गाड्या खोलतो. पण त्या दिवशी आनंदात उताणा पडलो होतो गाडीखाली. डावं-उजवं सुचलंच नाय.

"हे म्हणाले, पोरानं दोन पगार घातलेत, त्याला कळता नये. मला शपथ घातलेली. मग जुनाच काढून पिशवीत घालून सहा वेळा रोह्याला गेले, लेथवाल्याकडं. झिजलेल्या जागी नवीन बुश करून घेतले."

म्हणजे मी रॅकचं नाव काढलं की तुम्ही पंख काढायचात.

आणि मी येडा, पंखावर भांडत बसायचो.

काका, तुम्ही मला एवढ्या-तेवढ्यावरून शिव्या घातल्यात. जिथं खरंच घालायच्या होत्या, तिथं एक पण नाय.

मुंबईवाला चांगले पैसे देतोय. तो पंख पण लावणार हाय म्हणे. माझ्या अर्ध्या हिश्श्यात मी घरी येऊन स्वतःची शेड टाकू शकतो. ह्याच दिवसाची मी वाट बघत होतो.

काकी म्हणाली, "तू म्हणशील तसं. मला काय, एकदा वडखळपर्यंत नेली होती त्यांनी हिच्यातून. रंग नाय, नुसता प्रायमर. लोक बघत होते. आणि हे मला सांगतात, 'अगो, पदर सांभाळ, दारात अडकला तर पत्रा घासेल.'"

हसत होती सांगताना. मग नाय हसली.

मी तीन दिवस विचार केला.

काकी, नको विकूस.

घरी यायचं पुढच्या वर्षी बघू. आईला सकाळी सांगितलं, तिने फोन ठेवला. तिची समजूत तूच घाल.

आता फक्त रंग राहिलाय. पेणच्या कारखान्यातले काकांचे जोडीदार मारून देतो म्हणालेत. मजुरी घेणार नाय, फक्त मालाचे पैसे. त्यांना सांग, घाई नको. हात फिरवून बघा, मगच स्प्रे धरा.

काका, भावपूर्ण वगैरे मला लिहिता येत नाय. तुम्ही आता निवांत राहा.

काकी, उद्या बँकेत बघ. रंगाचे अडतीस हजार पाठवतोय.