आबांना सांगितलेला उतारा

काल कपाट आवरताना माझी जुनी यादी सापडली. लेक डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होती, तेव्हा विज्ञानाचे उतारे कसे वाचायचे याची सहा कलमं मी तिच्यासाठी काढली होती: आधी प्रश्न वाचणे, महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारणे, वगैरे. एका संध्याकाळी राहू गावातल्या आमच्या घरी ओट्यावर बसून ती पेशींवरचा एक उतारा चौथ्यांदा वाचत होती. शेजारच्या गुऱ्हाळाचा गोड धूर अंगणात उतरला होता. "आई, मला नाही जमणार. बास आता," म्हणून तिनं पुस्तक मिटलं. कांदे निवडत बसलेले माझे सासरे म्हणाले, "काय लिवलंय त्यात? मला तरी सांग." "आबा, बाहेर मीठ जास्त झालं की पेशीतलं पाणी बाहेर येतं." "म्हंजी बुडाशी युरिया जास्त पडला की रोप सुकतं, तसंच न्हवं का?" ती थांबली, हसली आणि पुस्तक उघडून तिनं खालचे प्रश्न भराभर सोडवले. मग माझ्या यादीत तिनं सातवं कलम लिहिलं: आबांना सांगणे. आता आबा नाहीत. परवा तिला डबा द्यायला दवाखान्यात गेले, तर ती एका म्हाताऱ्या पेशंटला सांगत होती, "मामा, पाटात गाळ साचला की पाणी अडतं ना, तसंच तुमच्या छातीत झालंय."