शेकमायची तारीख

"अंगणात एवढे जोडे कोनाचे? कोन मेलं?" शेकमाय फाटकातूनच ओरडली. तिच्या हातात गरम कोंड्याचं गाठोडं, मागे कंबर धरून चालणाऱ्या पाच बायांची वरात. घरात साठ-सत्तर पाहुणे. एका मामीच्या पिशवीतून पांढरं कापड डोकावत होतं. शपथेवर सांगतो, कारध्याच्या पुलाखाली वैनगंगासुद्धा घटकाभर थांबली.

मेलं कोणीच नव्हतं. मरायची होती ती शेकमाय, आणि गावात फक्त तिलाच ते ठाऊक नव्हतं.

भाताच्या रोवणीत वाकून वाकून ज्यांची कंबर कायमची गेली, त्यांची ही माय. धानाचा कोंडा तव्यावर तापवायचा, जुन्या लुगड्यात बांधायचा, शेकायचं आणि मग श्वास मोजत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालवायचं. माझी कंबर तर अशी, की वाकलो तर सरळ करायला जेसीबी बोलवावा लागे. तिने मला तीन महिने चालवलं. इतकं चाललो, की त्या हिशेबाने दिल्ली गाठून परत यायला हवा होतो. "दुखनं जात नाही रे बाप्पा," ती म्हणायची, "त्याले बसाले दुसरी जागा द्या लागते."

मात्र कोणाच्या अंगावर गाठ दिसली, की गाठोडं बाजूला ठेवायची. "दवाखान्यात जा. मी कोंडावाली हाव, डाक्टर नाही." आणि हीच बाई स्वतःचं दुखरं पोट वर्षभर गुपचूप शेकत राहिली!

शेवटी तिचा मुलगा दिनू तिला नागपूरला घेऊन गेला. डॉक्टरांनी दिनूला आत घेतलं, तिला बाहेर बाकावर बसवलं. कॅन्सर पसरलेला. दिनूने विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, साधारण सहा महिने. आमच्याकडे असं आजाऱ्याला सांगत नाहीत. घरच्यांनी ठरवलं, गॅसचा गोळा आहे म्हणायचं. गावचा थापाड्या मी, म्हणून खोटं बोलायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. कलिंगडाएवढे गॅसगोळे विरघळल्याच्या इतक्या कहाण्या मी रचल्या, की माझंच पोट हलकं वाटू लागलं.

दिनूने मात्र कॅलेंडरवर सहा महिने मोजून एका तारखेला गोल केला. त्या तारखेला या म्हणून सगळ्या नात्यागोत्याला फोन केले, "शेवटचं पाहून घ्या." आणि माय त्या दिवशी सकाळी उठून बायांना चालवायला निघून गेली!

आता ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तू बोल. तुहं तोंड तर झोपेतही बंद राहत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट तिखटमीठ न लावता सांगितली. चार वाक्यांत संपली. शेकमाय खाली बसली. पाहुणे एकेक करून जोडे शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी ती मला आणि दिनूला घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि या वेळी स्वतः आत बसली. "आई, सहा महिने ही तारीख नव्हती," डॉक्टर म्हणाले. "अशा पुष्कळ आजाऱ्यांवरून काढलेला मधला अंदाज असतो तो. कोणी अलीकडे जातो, कोणी पलीकडे. तुमचा दिवस मला माहीत नाही." मग त्यांनी दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या. पोटावर शेक नको, पण गोळ्यांच्या जोडीला चालणं आणि श्वास मोजणं चालू ठेवा, संशोधनही हेच सांगतं, म्हणाले.

"मंग तुमी एवढे वरसं शिकले कायले?" शेकमायने विचारलं. डॉक्टर हसले. आम्हाला हसता आलं नाही.

पुढे ती वर्षभर जगली, शेवटच्या महिन्यापर्यंत बायांना चालवत. आज ती नाही, पण माझ्या डोळ्यांसमोर येते ती त्या दिवशीची परतीची बस. दिनू ढसाढसा रडत होता. "माय, तुले तरास नको म्हणून लपवलं वं. सांगतलं असतं तर काय केलं असतं तू?"

शेकमाय खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "सिहोऱ्याले बहिनीपाशी राह्यली असती. म्हटलं, रोवणी झाल्यावर जाऊ. मागच्या महिन्यात बहीनच मरून गेली."