खोडलेली नववी ओळ

नगर परिषदेनं मला फसवलं, आणि मला पुढं करून आमच्या गल्लीतल्या पोरींना फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण गल्लीत ते उलटं सांगितलं जातं. तिथं असं बोलतात की भांडेवाली मावशीनं समितीत बसायला मिळावं म्हणून भुलाबाई देऊन टाकली.

गावाचं नाव लिहीत नाही. मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याहून सौंसरकडं जाताना लागतं, एवढं पुरे.

या गावात मी आले ती डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला, मूलबाळ नाही. जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची, हा धंदा. तीन साड्या आणि एक पँट पुढं टाकून एखादी बाई मोठं पातेलं मागायची, मी चहाची गाळणी दाखवायची, आणि तिथून अर्धा तास भांडण. साडी हातात आली की घडी पूर्ण उघडून उन्हात धरायची, कारण जळलेलं आणि विरलेलं नेमकं मधल्या घडीत दडवलेलं असतं. आणि एखादी मागितल्यापेक्षा जास्त द्यायला लागली, तर दोनदा उघडून पाहायची. या एका शिस्तीवर पाटीची हातगाडी झाली, हातगाडीचं दुकान झालं, दुकानामागं दोन खोल्या झाल्या. पण दारोदार भांडणाऱ्या बाईला घरात येऊन बसा असं कुणी म्हणत नाही, आणि तिच्याकडंही कुणी येऊन बसत नाही. गिऱ्हाईक सोडलं तर अकरा महिने माझ्या ओट्यावर कुणी चढायचं नाही.

बारावा महिना भुलाबाईचा. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की प्रत्येक घरातून बंद डबा पुढं येतो. आत काय खाऊ आहे हे ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. पोरी डबा हलवतात, कानाशी धरतात, वास घेतात. बाकीच्या घरी मुरमुरे, फुटाणे, गुळदाणे असायचे. पोरी दोन मिनिटांत सांगून मोकळ्या. माझ्याकडं तसं नव्हतं. माझा डबा पितळेचा, एका बाजूनं चेपलेला, पण झाकण असं घट्ट की वासाला वाट नाही. दोन नव्या पातेल्यांच्या बदल्यात मी तो एका म्हातारीकडून घेतला होता. धंद्यात जास्त देऊन घेतलेली ती एकच वस्तू. त्यात मी कधी उकडलेले शिंगाडे ओल्या फडक्यात बांधून ठेवायची, कधी अख्खं सीताफळ केळीच्या पानात, कधी वरून चार फुटाणे वाजायला आणि खाली खोबऱ्याची वडी.

समोरच्या घरातली पोरगी सगळ्यांत हुशार. तेव्हा ती सहावीत होती.

“मावशी, वाजून नाई राह्यलं वो.”

“मंग रिकामा असन.”

“रिकामा येवढा जड?”

“मंग गोटा असन.”

“गोटा वाजला असता. तुमी फडक्यात बांधलं काईतरी. गोड हाये का तिखट, तेवढं सांगा.”

“हो, तेबी सांगतो, झाकनबी उघडून देतो. अकलेचं काय मंग, घरी ठिवून आली का?”

बाकीच्या पोरी खिदळायच्या. कधी कधी अर्धा तास जायचा. इतर घरांना उशीर होतो म्हणून त्यांच्या आया गल्लीतून हाका मारायच्या आणि पोरी माझ्या ओट्यावरून हलायच्या नाहीत. तो अर्धा तास मी वर्षभर सांभाळून ठेवायची.

नगर परिषदेत मी गेले ती खांबावरच्या दिव्यासाठी. गल्लीतला दिवा दोन वर्षं बंद होता, आणि एका संध्याकाळी एक पोरगी डबा हातात घेऊन नालीत घसरली. गुडघा फुटला, डबा मात्र तिनं सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मी गेले.

खेळ, संस्कृती आणि वारसा असं सगळं एकाच टेबलावर होतं. टेबलाखाली हवा गेलेले व्हॉलीबॉल, वर सत्काराच्या ट्रॉफ्या, आणि मागं भिंतीला टेकवलेली पाटी, जी जुन्या बावडीवर लावायची होती आणि कधी लागली नाही. टेबलावरचे बाबू जबलपूरकडचे.

“गरब्याले मांडव देता, गाणेवाला आनता, आन् भुलाबाईले एक बल्ब नाई?” मी दारातूनच सुरू केलं. शेजारच्या टेबलावरचे लोक पाहायला लागले.

“अम्मा, चिल्लाइए मत. बैठिए. ये भुलाबाई क्या है?”

मी सांगितलं. त्यांनी चहा मागवला. ऐकताना त्यांचा चेहरा खुलत गेला, आणि तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

“आप एक बल्ब मांग रही हैं,” ते म्हणाले, “हम आपको हॉल दे रहे हैं.”

“खाली बसाले दरी?”

“दरी भी.”

“माइक?”

“माइक भी. खंबे की लाइट भी लग जाएगी. और आपको हम सांस्कृतिक निगरानी समिति में ले लेते हैं. आप ही तो देखेंगी कि सब ठीक हो रहा है.”

मी पायऱ्या उतरले ती अख्खा बाजार जिंकल्यासारखी. बल्ब मागायला गेलेली बाई हॉल घेऊन आली. समोरच्यानं मागितल्यापेक्षा जास्त दिलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी घडी उघडून पाहिली नाही.

कार्यक्रम कसा होतो ते लिहून द्यायला सांगितलं होतं. समोरच्या पोरीचं अक्षर चांगलं, म्हणून माझ्या ओट्यावर बसून तिनंच लिहिलं. भुलाबाईची मूर्ती मांडणे, ओवाळणे, गाणी कुठल्या क्रमानं, असं करत नऊ ओळी झाल्या. नववी ओळ तिनं मोठ्या अक्षरात लिहिली: डब्यातला खाऊ ओळखणे. खाली रेघही मारली. मंजूर होऊन आलेला कागद हिंदीत टाइप केलेला होता. शेवटी लिहिलं होतं, ‘अल्पाहार वितरण’. म्हटलं, खाऊलाच सरकारी भाषेत असं म्हणत असतील. सही केली.

कार्यक्रमाच्या दिवशी मी डबा पदराखाली धरून हॉलमध्ये गेले. आत सीताफळाचा गर होता, बिया काढून, पानांत बांधून. सगळ्या वॉर्डांतल्या पोरी आल्या होत्या, प्रत्येकीच्या फ्रॉकला नंबर टाचलेला. पाहुणे उशिरा आले, हार झाले, भाषणं झाली. प्रत्येक गल्लीला दोन गाणी, दुसरं अर्ध्यात थांबवलं. मग दोन माणसं खोकी घेऊन आली आणि पाकिटं वाटू लागली. आरपार दिसणारी पाकिटं. एक समोसा, एक लाडू, चिप्सची पुडी. सगळ्यांना सारखं, आणि हातात येण्याआधीच दिसणारं.

समोरची पोरगी पाकीट हातात घेऊन माझ्याकडं पाहत होती. मग तिनं माझ्या पदराकडं पाहिलं. ती उठून येणार तेवढ्यात माइकवरून हाक आली की सगळ्या मुलींनी फोटोसाठी स्टेजवर यावं. ती गेली. सीताफळाचा गर मी घरी येऊन एकटीनं खाल्ला. दोन दिवस पुरला.

पुढच्या वर्षी भादव्याची पुनव झाली आणि गल्लीत कुणी आलं नाही. डबा भरून मी ओट्यावर बसले. समोरच्या वहिनी, त्या हुशार पोरीची आई, दोरीवरचे कपडे काढत होत्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “आता त हॉलमंदीच होते ना मावशी. तुमीच त लिहून देल्लं.”

मी लिहून दिलं? मी थेट बाबूंच्या टेबलापाशी गेले. फाइल काढायला लावली. पोरीच्या अक्षरातला कागद तिच्यात होता. आठ ओळी तशाच, नववीवर लाल शाईची आडवी रेघ, आणि बाजूला त्याच शाईत हिंदीत: समिति सदस्या की सहमति से. समितीत सदस्या मी एकटीच आहे. आणि ती समिती आजपर्यंत एकदाही बसलेली नाही.

“हे कोनं खोडलं?”

“ऊपर से हुआ होगा. बाहर का खाना, अम्मा, किसी बच्ची का पेट दुख जाता तो?”

“कवा दुखलं? एका पोरीचं नाव सांगा!”

वर साहेबांकडं गेले. साहेब म्हणाले, असे विषय समितीच पाहते. अध्यक्षांच्या खोलीत सांगितलं की टेबलावर विचारा. मी आवाज चढवला, तसा सगळ्यांना आयता विषय मिळाला: बाई भांडते. खोडलेल्या ओळीबद्दल पुढं कुणी बोललंच नाही. माझा आवाजच त्यांच्या कामी आला, हे मला घरी पोहोचल्यावर कळलं. अर्ज करून त्या कागदाची झेरॉक्स मात्र मी काढली.

यंदाच्या उन्हाळ्यात समोरच्या वहिनी पोरीला घेऊन दुकानात आल्या. पोरगी आता पांढुर्ण्याला वसतिगृहात राहून शिकणार, तिला डबा हवा होता. मी चार डबे मांडले. वहिनींनी पहिला उचलला, मी सांगितला तो भाव दिला आणि पिशवी उघडली. घासाघीस केली नाही. इतक्या वर्षांत या बाईनं माझ्याकडून भांडल्याशिवाय चमचासुद्धा नेला नव्हता. आपल्या माणसाशी लोक भाव करतात. परक्याचं देणं देऊन मोकळं होतात.

पोरीनं डबा उचलला आणि सवयीनं कानाशी नेऊन हलवला. मग लाजली.

“मावशी,” ती म्हणाली, “तुमी काहून बंद केलं?”

झेरॉक्स गल्ल्याच्या काचेखाली होती. शांतपणे काढून दाखवायची, एवढंच करायचं होतं. मी काच उचलता उचलता ओरडायला लागले, नगर परिषदेवर, बाबूवर, लाल शाईवर. वहिनींना वाटलं मी त्यांच्यावरच ओरडते आहे. “चाल वं,” म्हणून त्यांनी पोरीचा हात धरला आणि दोघी पायऱ्या उतरून गेल्या. कागद माझ्या हातात राहिला.

खांबावरचा दिवा मात्र त्यांनी लावला, कबूल करते. त्याचं बटण कुठं आहे ते कुणाला माहीत नाही, म्हणून तो दिवसाही जळतो. त्याच्या उजेडात माझा ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो.

मला हॉल परत घ्यायचा नाही, दरी नको, समितीही नको. ती लाल रेघ ज्यानं मारली त्यानं एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर यावं. समोरच्या वहिनींना आणि सुट्टीत घरी आलेल्या त्या पोरीला बोलावते. त्या दोघींसमोर त्यानं सांगावं की हे मी केलं, हिनं नाही. आणि कुठल्या सदस्येची सहमती घेतली, कधी घेतली, तेही तिथंच सांगावं. मी ओरडणार नाही. पण उत्तर घेतल्याशिवाय त्याला उठू देणार नाही.